कागदावर गॅस, माझ्या अक्षरात नळ

मी उस्मान मिस्त्री. राहणार नांदेड, देगलूर नाक्याच्या मागं. वय एकाहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, ती पण मराठी. बाकीचं शिक्षण मामूच्या हाताखाली, रंधा मारता मारता झालं.

तुमच्या या सदरातले अनुभव मी चष्मा लावून, अक्षर अक्षर करत वाचतो... आणि हसतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या मागं पावलं वाजली. मला आजवर काही दिसलं न्हाई. कब्रस्तानाच्या भिंतीला लागून बावीस वर्षं माझं वर्कशॉप होतं. तिकडून एकानं पण येऊन खिळा मागितला न्हाई. अल्लावर भरोसा, बाकी सगळा वहम — असा मी माणूस.

दुसरी गोष्ट. माझं माप चुकत न्हाई. पन्नास वर्षात बसवलेलं एक दार परत उतरवावं लागलं न्हाई. हे फुशारकी म्हणून न्हाई सांगून राहिलो. बरं, फुशारकीच समजा. कमावलेली हाय.

आता झालं ते सांगतो.

समीना माझ्या मुलीची मुलगी. लातूरला इंटिरियरचा डिप्लोमा केला तिनं. लॅपटॉपवर किचन बनवते. भिंती उभ्या करते, ओटा टाकते, सनमाइकाचा रंग बदलते आणि मग आपण आत शिरल्यावानी सगळं गरागरा फिरवून दाखवते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणलो, "पोरी, यात धूळ कुठं हाय? धूळ न्हाई ते सुतारकाम न्हाई."

"नाना, धूळ तुम्ही आणा. बाकीचं मी आणते."

जीभ माझ्यावरच गेलीय तिची.

तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम आलं चाकूरचं. कमलबाई म्हणून एक पासष्टीच्या बाई. मालक वारले, घरात एकट्या. मुलगा प्रमोद हैदराबादला नोकरीला. बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला लेकीकडं गेल्या होत्या, महिनाभर तिथंच राहणार होत्या. तेवढ्यात जुना ओटा काढून नवं किचन उभं करायचं, आईला सरप्राइज द्यायचं — असं प्रमोदचं म्हणणं. चाकूरमधल्या आणखी दोन घरांनी समीनाला सांगून ठेवलं होतं, "आधी हे बघू, मग आमचं ठरवू." आणि आमच्या मोहल्ल्यात लोक म्हणायचे, काम म्हातारा करतो, पोरगी नुसती चित्रं दाखवते. म्हणून हे काम बिघडून चालणार न्हवतं. माझ्यासाठी न्हाई हो, माझं नाव झालंय. तिच्यासाठी.

प्रमोदला व्हिडिओ कॉलवर डिझाइन दाखवायला समीनानं लॅपटॉप उघडला, तर सगळं उलटं. नळ उजवीकडं, गॅस डावीकडं.

"अरे, हे मिरर कसं झालं?" ती म्हणली. सरळ केलं, सेव्ह केलं, बंद करून उघडलं... परत उलटं. तिसऱ्यांदा कुठं सरळ राहिलं.

मी म्हणलो, "तुझ्या मशीनला डावं-उजवं कळत न्हाई. मला तिसरी शिकून कळतं."

प्रमोदनं पास केलं. समीनानं मोठ्या कागदावर प्रिंट काढून दिली. आता एवढं ध्यानात ठेवा. ओट्याकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला नळ-सिंक, उजव्या हाताला गॅस. अगदी डाव्या टोकाला धान्याचं उंच कपाट. उजवं टोक मोकळं, फ्रिजसाठी. हे पास झालेलं.

कागद मी त्या किचनच्या दारावर ठोकला आणि कामाला लागलो. ग्रॅनाइटवाला, प्लंबर सगळे माझ्या खुणेवर चालणारे. मी कागद बघायचो, भिंतीवर पेन्सिलीची खूण करायचो, ते फोडायचे. माझी एक सवय हाय. एक एक वस्तू बसली की कागदावर तिच्या चित्राखाली नाव लिहितो आणि बरोबरची खूण करतो. नळ — झालं. डबे — झालं. मामूनं लावलेली सवय.

समीना तेव्हा टायफॉइडनं नांदेडला पडून होती. रोज फोन करायची, "नाना, फोटो पाठवा ना." मी पाठवला न्हाई. अर्धं काम कुणाला दाखवू नये, हे पण मामूचंच.

काम संपलं त्या दिवशी सकाळी प्रमोद हैदराबादहून आला आणि समीना नांदेडहून, अजून चेहरा पिवळाच तिचा. मी दार उघडून बाजूला झालो. ट्रॉल्या अशा सरकायच्या की करंगळीनं ओढाव्या. मी शाबासकीची वाट बघून राहिलो.

प्रमोदनं ओटा बघितला, दारावरचा कागद बघितला, परत ओटा बघितला.

मग प्रमोद म्हणला, "चाचा... हे सगळं उलटं केलंय तुम्ही."

"कागदात हाय तसं हाय."

"कागद बघा की मग!"

मी कागद बघितला. आणि साहेब, पायाखालची फरशी सरकली. कागदावर नळ डावीकडं होता. मी बसवला होता उजवीकडं. गॅस, कपाट, सगळं फिरलेलं.

"वय झालं चाचा तुमचं," प्रमोद म्हणला. तो रागानं न्हाई म्हणला, कीव करून म्हणला. ते जास्त लागलं.

समीना पुढं झाली. "साहेब, चूक माझी हाय. प्रिंट मी दिली, कामावर मी आले न्हाई. सगळं काढून परत करून देते."

"गप्प बस," मी म्हणलो. "तुझी न्हाई. आणि माझी पण न्हाई."

"नाना, हट्ट नका ना करू..."

"हट्ट न्हाई. इकडं ये, हे वाच."

कागदावर माझी पेन्सिल होती. वाकडं-तिकडं का होईना, अक्षर माझंच. छापलेल्या गॅसच्या चित्राखाली मी लिहिलं होतं — नळ, झालं. नळाच्या चित्राखाली — गॅस, झालं. आणि उजव्या टोकाला जिथं कागद कोरा होता, एक रेघसुद्धा छापलेली न्हवती, तिथं लिहिलं होतं — कपाट, झालं. बाजूला बरोबरची खूण, ठसठशीत.

आता सांगा. गॅसच्या शेगडीचं चित्र समोर हाय आणि माणूस त्याखाली नळ लिहील? कोऱ्या जागेवर कपाट लिहील? मी तिसरी शिकलोय, आंधळा न्हाई. समीनानं तिथंच लॅपटॉप उघडला. त्यात पण सगळं सरळ, पास झालेलं तसंच. प्लंबरला फोन लावला तर तो म्हणतो, "चाचा, कागद मी कशाला बघू? तुम्ही खूण केली तिथं फोडलं."

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. महिना भरला म्हणून कमलबाई लातूरहून आल्या, डोळ्यावर काळा चष्मा. प्रमोद आडवा झाला, "आई, थांब, अजून काम बाकी हाय, जरा चुकलंय."

"चुकू दे. माझं घर हाय, मला बघू तर दे."

आत आल्या. ओट्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मिस्त्री, चहा घेणार ना?"

पातेलं घेतलं, नळाखाली धरलं, गॅसवर ठेवलं, लायटर पेटवला, साखरेचा डबा काढला. मी सुतार माणूस, मी हात बघतो. बाईंचा कुठंच हात अडला न्हाई, कुठं वळून बघावं लागलं न्हाई. आणि सगळं डाव्या हातानं. मग त्यांच्या एकदम ध्यानात आलं. शाळेत पकडलेल्या पोरीवानी त्यांनी चमचा झटकन उजव्या हातात घेतला आणि आमच्याकडं बघितलं.

मी म्हणलो, "बाई, डाव्यानंच करा. त्याच हातासाठी बनलंय हे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आई, तू डावखुरी हायेस?" प्रमोद म्हणला.

"लग्न होऊन आले तेव्हा होते. तुझी आजी वाढायच्या वेळी माझा डावा हात पदरात गाठ मारून ठेवायची. डाव्या हातानं वाढलेलं घराला लागतं म्हणायची. सहा महिन्यात सुटली सवय. चारचौघात सुटली. एकटी असले की डाव्यानंच करते... पण त्या जुन्या ओट्यावर चाळीस वर्षं हाताला हात आडवा यायचा."

"मग मला कधी सांगितलं का न्हाईस?"

"तू विचारलंस का? ओटा तरी विचारून काढलास का?"

बाईंनी समीनाला विचारलं, "पोरी, हे तू काढलंस?"

समीनानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, हो म्हण म्हणून. ती म्हणली, "काढलं मी, बाई. पण असं न्हाई काढलं." खोटं बोलली न्हाई. त्या चहापेक्षा ते मला गोड लागलं.

किचन तसंच राहिलं. ती दोन्ही घरं बघून गेली, दोन्ही कामं समीनाला मिळाली. तिसरं पण आलं. आता ती टेप काढायच्या आधी घरातल्या बाईला — स्वयंपाक करत असला तर बाप्याला — विचारते, "भाजी कोणत्या हातानं हलवता?" लोक हसतात. मग हात वर करून बघतात.

समीना म्हणते सॉफ्टवेअरमध्ये काही गडबड असेल. असेल. पण छापलेला कागद माझ्या डोळ्यापुढं फिरला कसा आणि परत सरळ झाला कसा, हे तिला पण सांगता येत न्हाई. प्रमोदला अजून वाटतं की माझी नजर गेली. मी नांदेडला डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर आम्ही बघितली न्हाई. कमलबाईंची गोष्ट त्या घरात कुणालाच म्हाईत न्हवती, मग ती माझ्या पेन्सिलीपर्यंत आली कुठून? भूत म्हणायला माझी जीभ वळत न्हाई. दुसरं काय म्हणावं ते कळत न्हाई. हे समीनानं टाइप केलंय, एक शब्द बदलायचा न्हाई असं बजावून.

कागद माझ्या हत्याराच्या पेटीत हाय. नांदेडला आलात तर दाखवीन, चहा पण पाजीन. पण एक गोष्ट लिहून ठेवा. पन्नास वर्षात माझं एक दार परत उतरवावं लागलं न्हाई.

चाकूरचं पण न्हाई.