रडनात का, ते इचारा

कावळ्यानं माझं डोकं फोडलं, त्यात चूक कावळ्याची नव्हती. परसातल्या निंबावर त्याचं घरटं होतं आणि माझ्या मोटारसायकलच्या सीटवर तो रोज कोंबडीची हाडं टाकायचा. एका सकाळी मला पुरुषार्थ सुचला. आंबे उतरवायची आकडी घेतली आणि घरटं ओढलं. अंडी माझ्याच कपाळावर फुटली. डोळे पुसतोय तोवर कावळीनं टाळूत चोच घातली, मागून तिच्या नवऱ्यानंही. बायको काठी घेऊन धावली. तिचा एकही फटका कावळ्याला लागला नाही. सगळे मला लागले.

रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरत होतं, पण बायको पांढरी पडली ती रक्तानं नव्हे. आमच्या तापीकाठी कावळा डोक्याला शिवला की मरण चिकटलं असं धरतात. ते झटकायला एकच उपाय. माणूस मेला अशी खोटी बातमी जवळच्या रक्ताच्या नात्यात धाडायची. तिकडे कोणी खरंखुरं रडलं की मरण त्या पाण्याबरोबर वाहून जातं. मग सांगायचं, मेला नाही, कावळा शिवला होता. तेही हसतात, विषय संपतो.

माझी अडचण अशी, की जवळच्या रक्ताचं माझं एकच माणूस उरलेलं, थोरला भाऊ. तो नदीपलीकडे राहतो. बांधावरून भांडण झालं तेव्हा त्यानं फावड्याच्या दांड्यानं माझे पुढचे दात पाडले होते, आणि उरलेल्या दातांनी मी त्याच्या कानाची पाळी तोडली होती. तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यात तो ज्या पंगतीला, त्या पंगतीला मी नाही.

शिवाय तो बायकोचा जेठ, थोरला दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. पदर पुढे ओढून जे सांगायचं ते मला सांगायची, मी नसलो तर भिंतीला. त्या बाईनं स्वतः फोन लावला.

"ह्या गयात," एवढंच म्हणाली.

पलीकडे भाऊ खाकरला. मग "बरं". फोन बंद.

"रडनात नहीत," बायको म्हणाली.

"फोनवर कोण रडतं? आता रडत असेल."

"बरं म्हणतस का कोणी?" आणि ती स्वतःच रडायला लागली. तिचं रडणं चालत नाही, ती रक्ताची नव्हे.

खरं तर लगेच दुसरा फोन करायला हवा होता. मीच म्हटलं, थांब, पोटभर रडू दे त्याला. इतक्या वर्षांनी फुकट मिळतंय. डोक्यावर हळद दाबून ओट्यावर बसलो आणि मी मेलोय असं समजून पाहिलं. आमच्या गावात कीर्तनाला येणारे महाराज नेहमी सांगतात, मरण आहे म्हणून जगण्याला गोडी. मी दरवेळी मान हलवत आलो. पण त्या दिवशी हिशेब जमेना. मी गेलो तर केळीचे घड दुसरा कोणी उतरवेल, बिघडत नाही. भांडणाचं काय? भावाकडे तुटका कान राहील आणि तो कुणी तोडला हे सांगायला समोर कुणी नसेल. माझ्या आयुष्यात पूर्ण माझ्या मालकीचं एवढंच होतं, तेही मरण नेणार.

मग फोन केला. त्यानं उचलला नाही. पुन्हा केला. नाहीच.

ऊन चढलं तशी भूक लागली. मी कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात तो आला. मोटारसायकलला दोन हिरवे बांबू आडवे बांधलेले. तिरडीचे. माझ्या घरी सरळ बांबू निघणार नाही, याची त्याला खात्री असणार.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मी जन्माचा मूर्ख. म्हणालो, "ये, जेवायला बैस."

त्यानं एक बांबू सोडवून हातात घेतला. पहिल्या फटक्यात ताट गेलं. दुसरा चुकवायला मी हात वर केला, तर हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला आणि दुखलं नंतर.

"मरी गयथा ना तू?" तो म्हणत होता. "मग मर."

शेजारी धावले. दारामागून बायको ओरडली, "कोणी मधे पडू नका. त्यासना डोया कोरडा शेतस अजून."

शेजारी थांबले. डोळे कोरडे तोवर मरण माझ्यावरच, हा रिवाज सगळ्यांनाच ठाऊक. मी पायरीवरून खाली आलो, तो बरगड्यांवर मारत होता, आणि पदराआडून बायको मला सांगत होती, "त्यासले इचारा, रडनात का?"

"भाऊ, तू रडना का?"

त्याचं उत्तर पाठीवर आलं.

"रड ना भाऊ, ती म्हणते."

बांबू उभा चिरला तेव्हा तो थांबला. धापा टाकत ओट्यावर बसला. म्हणाला, "पूलवर रडी उनू मी. गाडी उभी करीसन."

"रडनात," बायको भिंतीला म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मरण जगण्याला अर्थ देतं की नेतं, मला अजून सांगता येत नाही. तापीच्या पुलावर माझ्या असण्याला काहीतरी किंमत आली होती, एवढं खरं. पण तिथे मी नव्हतो. आणि जिथे होतो तिथे मार बसला.

चहा झाल्यावर त्यानंच मला गाडीवर मागे बसवलं, हाडाच्या डॉक्टरकडे. चांगल्या हातानं मी त्याची कंबर धरली. प्रत्येक खड्ड्याला मी त्याला शिवी दिली, प्रत्येक शिवीला त्यानं पुढचा खड्डा शोधला. दोघं बोललो म्हणायचं.

नाक्यावर समोरून टेम्पो आला. भावाच्या गावची सगळी भावकी आत, गळे काढून रडत. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं होतं. टेम्पो थांबला. आमच्या म्हाताऱ्या काकूनं मला पाहिलं, रडणं आवरलं, खाली उतरली आणि पायातली चप्पल काढली.

"भाऊ, गाडी काढ," मी म्हणालो.

"मन्हं मारनं व्हई गयं," तो म्हणाला. "आते त्यासनी बारी."

त्यानं गाडी स्टँडवर लावली, आणि मोडका हात सांभाळत मला अलगद खाली उतरवलं.