राजाची आगबोट आणि मिलिंदचा गुरुवार

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उकडलेल्या बटाट्यांवर घरून नेलेलं लोणचं घालत होतो. फोन सुजाता वहिनींचा, त्याच्या बायकोचा. “भाऊजी, मिलिंद गेले,” एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, “कुठे?”... इतका मी हुशार.

त्याला सहा आठवडे झाले. शोकसभेत एकेकाने उठून सांगितलं, मिलिंद शांत होता, मितभाषी होता, त्याने कधी कुणाचं मन दुखवलं नाही. प्रत्येकाला दंडाला धरून खाली बसवावंसं वाटत होतं. मिलिंद भांडकुदळ होता. पार्किंगवरून, भातावरून, वाक्यातल्या चुकीवरून भांडायचा. अकरा वर्षांपूर्वी, इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात पहिल्याच भेटीत तो माझ्याशी भांडला, कारण सूत्रसंचालन करताना अर्धा तास मीच बोललो होतो. “काऊन बे, पुणेकर,” माझ्या हातातून माइक काढून घेत तो म्हणाला, “जयंती तुझी आहे का?” सभागृह हसलं. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक गोष्टीचा पहिला श्रोता तोच झाला. शेवट ऐकायच्या आधीच तो विचारायचा, “यातलं खरं किती?”

तर हे खरं आहे. मिलिंद हृदयाचे फोटो काढणारी यंत्रं बनवायचा. नागपूरहून इथे त्याच कामासाठी आला होता. कुणाच्या हृदयात काय बिघडलं, हे ज्या यंत्राला कळतं, त्याच्या शेजारी तो रोज आठ तास बसायचा. माझा राग इथून सुरू होतो.

गेल्या शरद ऋतूत माझी आई पुण्याहून आली होती. कुठल्याशा माहितीपत्रकात तिने एका राजाची आगबोट पाहिली. तळ्यात सहलीला जायला राजाने बांधून घेतलेली, आता काठाला कायमची बांधलेली, तिकीट काढून बघायची. आईने तोंडाने काही मागितलं नाही. ते पत्रक फक्त चष्म्याच्या घरात ठेवलं. आमच्या घरात हट्ट असाच करतात. शुक्रवारपासून बोट हिवाळ्यासाठी बंद होणार होती, शनिवारी आईचं विमान. मला गाडी येत नाही. इथल्या परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो आहे. मी मिलिंदला फोन लावला आणि आईच्या हातात दिला. ही माझी युक्ती. मला तो नाही म्हणाला असता.

स्पीकरवर त्याचा आवाज आला, “काकू, गुरुवारी?” मग जरा थांबला. “आल्झो... म्हणजे, बरं, गुरुवारी. नेतो.” ते थांबणं मला तेव्हा ऐकू आलं होतं. मला वाटलं, कॅलेंडर बघतोय.

बोट सुंदर होती, हे सांगायला हवं. सोनेरी वेलबुट्टी, निळी मखमल, मार्गदर्शक बाई इतक्या हळू बोलत होत्या जणू राजा शेजारच्या खोलीत झोपला आहे. राजाचा पलंग बघून आई म्हणाली, “एवढ्या मोठ्या राजाला एवढीशी कॉट? पाय दुमडून झोपायचा की काय?” मिलिंदने ते जर्मनमध्ये जसंच्या तसं विचारलं. बाईंना हसू आवरेना. मग त्याने स्वतःचा प्रश्न विचारला: कोळसा टाकणारे कुठे झोपायचे? तो भाग दाखवत नाही, बाई म्हणाल्या. झालं. दहा मिनिटं भांडण. मखमल तुम्ही झाडूनपुसून ठेवता आणि ज्यांच्या घामावर बोट चालली त्यांच्या खोलीला कुलूप, हे कुठलं म्युझियम? शेवटी बाईंनी किल्ली आणली. तो लोखंडी शिडीने खाली गेला. एकटाच. आई वर टाळ्या वाजवायची बाकी होती.

वर यायला त्याला फार वेळ लागला. चौथ्या पायरीवर तो थांबला, कठड्याला धरून. मी वरून वाकून म्हणालो, “काय रे, विदर्भाचा वाघ दमला?” तो म्हणाला, “काकूंना नको सांगू. त्या लिंबूपाणी पाजतील.” मी हसलो. परतीच्या वाटेवर हा किस्सा आईला मी सांगितलाच, वाघासकट.

तीन आठवड्यांनी तो गेला.

गेल्या रविवारी वहिनींनी मला बोलावलं. जर्मनीत राहून त्याला सगळी कागदपत्रं फायलीला लावायची सवय लागली होती. त्यांनी एक पत्र काढून समोर ठेवलं. हृदयाच्या डॉक्टरांचा टर्मिन, म्हणजे तपासणीची ठरलेली वेळ, चार महिने वाट बघून मिळालेला. वार गुरुवार, सकाळी दहा चाळीस. खाली पेन्सिलने त्याचं अक्षर: “पुढे ढकलला. काकू.” पुढची तारीख जानेवारीतली.

“मला म्हणाले, डॉक्टरांनीच रद्द केला,” वहिनी म्हणाल्या. मी ते पेन्सिलचं अक्षर पुन्हा वाचलं. “भाऊजी, मला कुणावर तरी चिडायचंय. तुमच्यावर चिडू का?”

“चिडा.”

त्या चिडल्या. पाऊण तास. मध्ये उठून चहा टाकला आणि पुन्हा चिडल्या. शेवटी म्हणाल्या, “काकूंना हे कळता कामा नये. त्यांनी फक्त बोट मागितली होती.”

मी मान डोलावली. पण मिलिंद, तुला विचारतो. भाताच्या शितावरून भांडणाऱ्या माणसा, एका म्हातारीला “काकू, गुरुवारी जमत नाही” एवढं म्हणायला तुला काय झालं होतं? मार्गदर्शक बाईंशी दहा मिनिटं भांडलास. स्वतःसाठी एक मिनिट नाही भांडलास. आणि बोट आमची, गरज आमची, फोन माझा.

काल आईने व्हिडिओ कॉल केला. तिने पुण्यात सहलीचा एक फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावून घेतला आहे, तो दाखवायला. मिलिंद शिडीवरून नुकताच वर आलेला, मागे मी, दात काढून हसणारा. फोटो तिनेच काढला होता.

“काय रे,” ती म्हणाली, “याच्या ओठांचा रंग बघ, किती निळसर. तेव्हा बरा होता ना तो?”

“अगं, तिथे उजेडच तसा होता,” मी म्हणालो.

तिने चष्मा पुसला आणि फोटो खिडकीपाशी नेला.