रशीदभाईंचं नाक

कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. कमरेची ओटी अर्धी भरली असेल, तेव्हा खिशातला फोन वाजला. पलीकडे शबाना, नांदुऱ्याच्या रशीदभाईंची लेक. "गजाकाका, अब्बा गेले. सकाळच्या नमाजाले उठले, अन् बसल्या जागी..." अशा वेळी माणूस काय विचारतो? कसं झालं, माती किती वाजता. माझ्या तोंडून निघालं, "पुदिन्याले पाणी घातलं का कोणी?" दुसरी कोणी असती तर फोन आपटला असता. शबाना म्हणाली, "नाही काका. आजचं राह्यलं." मी ओटी बांधावर सोडली आणि तसाच निघालो.

आता भाईंचा चाळिसावा दिवसही होऊन गेला, म्हणून लिहायला बसलोय. रशीदभाईंचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत आणि औषध. फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. बीटी कपाशी नवीन होती त्या वर्षांत मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी औषध मागितलं, तर या माणसाचे तीन सवाल. पीक कोणतं, अळी कोणती, पान कुठं हाय? पान आणल्याशिवाय बाटली नाही. मी म्हटलं, हे दुकान आहे का शाळा? तर म्हणाले शाळाच आहे आणि तू नापास. शिव्या घालत गावी गेलो, दुसऱ्या दिवशी पान घेऊन आलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पान उलटंसुलटं पाहिलं आणि सांगितलं की हे किडे तुझ्या कामाचे आहेत, फवारू नको, घरी जा. हातचं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. शेजारच्या दुकानात गर्दी असायची, यांच्याकडे चार माणसं. त्यांची बायको, आमच्या भाभी, त्यावरून त्यांना रोज बोलायच्या, आणि बरोबरच बोलायच्या.

इतकी वर्षं औषधांच्या वासात बसून त्यांचं नाक गेलं. खरंच गेलं, थट्टा नाही. एकदा दूध उतू जाऊन जळलं, धुरानं घर भरलं, गल्लीतले लोक धावत आले, आणि हे शेगडीजवळ पेपर वाचत बसलेले. खामगावच्या डॉक्टरनं सांगितलं, आलं तर येईल, नाही तर नाही. तेव्हा भाभींनी दुकानाच्या मागच्या दारात, जिथून त्यांचं घर सुरू होतं तिथं, पुदिना लावला. रोज सकाळी एक पान चुरगाळून नाकाशी धरायचं, नाक जिवंत असेल तर याच वासानं उठेल, असा त्यांचा हिशोब. भाभी बिर्याणीसाठी बाजारातून जुडी आणायच्या, त्यातल्याच चार काड्या पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या, आठ दिवसांत मुळ्या फुटल्या. मग फुटका माठ, गळकी बादली, तेलाचा डबा, जे सापडेल ते. औषधाच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही, खाण्याचं काही त्यात लावायचं नाही, हा भाईंचा दंडक. पुदिना जमिनीत लावला तर शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत पळतो, म्हणून कुंडीतच. ऊन सकाळचं तेवढं द्यायचं, मग सावली. शेंडे खुडत राहायचं, जितका खुडाल तितका फुटतो. आमच्याकडच्या मे महिन्यात दोनदा पाणी, नाहीतर संध्याकाळी काड्या हातात. भाईंना पुदिन्याचं एवढं वेड लागलं, पण वास काही येईना.

आता ती गोष्ट. सांगू की नको असं वाटत होतं, पण सुनंदाला, माझ्या बायकोला, मी ती कधीच सांगून टाकलीय, आता लपवायचं कोणापासून? गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. बोंडं बाहेरून अशी टपोरी की दृष्ट लागावी, आणि फोडलं की आत नुसती कवडी, सडका, पिवळा कापूस. कपाशीची उभी पऱ्हाटी उपटली. घरात बोलणं बंद झालं. रान नांगरून मोकळं पडलं होतं, ऊन मी म्हणत होतं, तेव्हा एका दुपारी मी भाईंच्या दुकानात गेलो आणि औषधाची बाटली मागितली. जगायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. भाईंनी नेहमीच्या सुरात विचारलं, "पीक कोणतं?" मी पैसे काउंटरवर ठेवले. मग हळूच म्हणाले, "गजा, वावरात काय उभं हाय तुह्या?" काही नाही, म्हणालो. भर उन्हाळ्यात मोकळ्या रानात कोणी फवारते का?

ओरडले नाहीत. माझा हात धरला नाही, उपदेश केला नाही. काउंटरच्या फळीवर बोटं वाजवत बसले थोडा वेळ, मग म्हणाले, "जाय बरं मांगं. पुदिन्याचे चार शेंडे खुडून आण चहाले. अन् वास पाहून सांग मले. मले येत नाही, तुले माहीत हाय." मी गेलो. शेंडे खुडले, आणून ठेवले आणि म्हटलं, येते वास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं नको बोलू बे. तू हुंगलाच नाही. नीट श्वास घे, मग सांग."

मी श्वास घेतला. तो गार, तिखट वास आत खोल गेला आणि मी त्या काउंटरवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो. किती दिवसांत मी नीट श्वाससुद्धा घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. भाईंनी शटर अर्धं ओढलं, चहा टाकला. दोघांनी पुदिन्याचा चहा प्यायला, गुळाचा, अति गोड. निघताना म्हणाले, उद्या सकाळी ये. भाभीला बारमाही सर्दी, तिच्या नाकाचा भरवसा नाही, आणि रोजचा वास कोणीतरी सांगायला पाहिजे. मी गेलो. मग परवा, मग रोज. सुनंदा विचारायची, एवढ्या सकाळी नांदुऱ्याला काऊन? मी सांगायचो, नोकरी लागली, वास घ्यायची. एका सकाळी तिला सगळं सांगितलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आली आणि भाईंकडून मुळ्यांसकट तीन काड्या मागून घेतल्या. आज आमच्या न्हाणीजवळ सहा कुंड्या आहेत. कापूस अजून लावतो, पण सगळ्या रानात नाही. तूर आली, ज्वारी आली. वाईट वर्षं पुढंही आली, पण सकाळी पुदिना हुंगायचा असायचा.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी पाणी घालायला मागच्या दारी गेलो, तर तिथं एक अनोळखी माणूस नाकाशी पान धरून उभा. चिखलीकडचा, इथं जावयाकडे राहतो म्हणाला. मी विचारलं, तुम्ही कसे? तर म्हणे, भाईंना वास येत नव्हता ना, संध्याकाळचा वास सांगायचं काम माझ्याकडे होतं. भाभींना सर्दी असते, त्यांचा भरवसा नाही... मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. एवढी वर्षं मी स्वतःला भाईंचं एकुलतं एक नाक समजत होतो! कोण कशासाठी दुकानात आला होता, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

आत जाऊन मी भाभींना म्हटलं, एकच वाईट वाटतं, भाईंना शेवटपर्यंत पुदिन्याचा वास आला नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता, तो खाली घेतला आणि चक्क हसल्या. "नाही कसा? पुदिना लावला त्याच्या दुसऱ्याच पावसात नाक ठीक झालं होतं त्यायचं. दाळीत हिंग जास्त पडला तं दुकानातून वरडत. अन् मले कुठची आली सर्दी, गजाभाऊ?"

मी हिशोब केला. भाभींचा पुदिना आधीचा, आणि माझी ती दुपार त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

दुकान आता शबाना चालवते. पीक कोणतं, अळी कोणती, पान कुठं, हे तीन सवाल तिनं बापाच्याच सुरात चालू ठेवलेत. मी आठवड्यातून तीन सकाळी जातो, बाकीचे दिवस तो चिखलीवाला. माठाला पाणी घालतो, शेंडा खुडतो. आतून भाभींचा आवाज येतो, "वास येते का, गजाभाऊ?" मी लगेच उत्तर देत नाही. आधी नीट श्वास घेतो, मग सांगतो, "येते, भाभी. येते."