रानबाची माती

“म्हातारा मरता कामा नये. विषय संपला,” निखिलसर म्हणाले.

माझे हे साहेब पुण्यात होते, मी जालन्यात, आणि मधे व्हिडिओ कॉल. म्हातारा म्हणजे रानबा. तो खरा माणूस नाही, आमच्या मोबाईल गेममधला मेंढपाळ. मी गेमची गोष्ट लिहिते. कोण कुठं भेटेल, काय बोलेल, कधी मरेल हे ठरवायचा मला पगार मिळतो. माझ्याबरोबर जालन्याच्या ऑफिसात फैजान असतो. ऑफिस म्हणजे दोन टेबलांची एक खोली. मी लिहिते, तो ते कोडमध्ये उतरवतो आणि पुण्याला पाठवतो.

आमचा गेम रोल-प्लेइंग प्रकारातला. म्हणजे तुम्ही एक पात्र होऊन लुटूपुटूच्या जगात फिरायचं. लोक कामं सांगतात, ती करायची. त्या कामाला क्वेस्ट म्हणतात. आमच्या जगात एका खोऱ्यात अंधार उतरला आहे. रानबाच्या मेंढरांची लोकर उजळते, आणि त्या उजेडात वाट काढत तुम्ही पुढं जाता. पाचव्या क्वेस्टला खिंडीत सावलीचा राक्षस येतो. तुम्ही आणि मेंढरं निघून जावीत म्हणून रानबा त्याला अडवतो, आणि मरतो.

खेळणारा गेम नेमका कुठं सोडतो ते आम्हाला दिसतं. टेस्टिंगसाठी घेतलेले लोक चार क्वेस्ट आनंदानं खेळत होते आणि रानबा मेला की गेम बंद करत होते. ग्राफ तिथं विहिरीत बादली सोडल्यासारखा खाली जायचा.

“लोक दिवसभराच्या कटकटीनंतर गेम उघडतात,” निखिलसर म्हणाले. “त्यांना रडवायचं कशाला? जखमी कर. एखादी जडीबुटी शोधायला लाव. बरा होऊ दे.”

“सर, तो मेला नाही तर पुढच्या गोष्टीत जीव राहत नाही.”

“दोन आठवडे घे. गळती थांबली तर मरू दे. नाही थांबली तर म्हातारा जिवंत राहील, आणि ते मी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईन.”

मी हट्टी आहे हे त्यांना माहीत होतं. हट्टाचं कारण माहीत नव्हतं. रानबा म्हणजे माझे बाबा. आमच्या घरात आजोबांपासून मेंढरं. बाबांनी पुढं शेती धरली तरी पन्नास-साठ मेंढरं शेवटपर्यंत ठेवली. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी आणि एक पाय दुसऱ्या पायाला अडकवलेला, असे ते तासन्‌तास उभे राहायचे. रानबाही तसाच उभा राहतो. ॲनिमेशन करणाऱ्या मुलीला मी झाडू हातात धरून ती पोज करून दाखवली होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ‘म्हातारा जिवंत ठेव’ हे मला सांगायची गरज नव्हती. ठेवता आला असता तर मीच ठेवला असता.

पहिला आठवडा मी वाया घालवला. मला वाटलं, दुःखानंतर लगेच काहीतरी गोड द्यावं. रानबा पडला की पेटी उघडून तलवार मिळायची. मी ती मोठी केली. लेव्हल वाढल्याची धून होती, तिच्यात ढोल घातले. ‘अभिनंदन’ची अक्षरं सोनेरी केली. नवा बिल्ड, म्हणजे गेमची सुधारलेली प्रत, टेस्टिंगला गेला आणि आधीपेक्षा जास्त लोक सोडून गेले.

“मॅडम, आपण दोघंही लहानपणापासून गेम खेळलेले,” फैजान म्हणाला. “आपल्याला आता काही खटकतच न्हाई. ज्यानं कधीच खेळलेला न्हाई अशा माणसाला द्या.”

तसा माणूस माझ्या माहेरी होता. रविवारी मी केदारखेड्याला गेले.

नाना माझे चुलते, बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान. फोनवर बाजारभाव आणि भजनं यापलीकडं त्यांची मजल नव्हती. ओसरीत बसून मी त्यांना अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं. पात्राला नाव काय देऊ विचारलं तर म्हणाले, “माझंच दे. दुसऱ्याचं कामून?”

अशा गेममध्ये लोकांच्या घरात घुसून मडकी फोडायची पद्धत आहे. आत नाणी निघतात. सगळे फोडतात, कोणी विचार करत नाही. मी नानांना सांगितलं, हे बटण दाबा, मडकं फुटेल.

“कोणाचं हाय?”

“त्या बाईचं. पण ती काही म्हणत नाही.”

“म्हणत न्हाई म्हून फोडावं का?” नाना म्हणाले आणि घराबाहेर पडले.

पुढं नदी लागली. नाना थांबले. मेंढरं पाणी पितील म्हणून वाट बघत राहिले. आमची नदी नुसतं चित्र होती. “तुही मेंढरं पाणी पिऊन न्हाई राह्यली, बाई,” ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं. एवढ्या टेस्टरांपैकी एकानंही हे सांगितलं नव्हतं.

तासाभरानं खिंड आली. रानबा काठी आडवी धरून उभा राहिला आणि पडला. नानांचा अंगठा थांबला. लगेच ढोल वाजले. पेटी उघडली. सोनेरी अक्षरं आली.

“हे कायचं वाजून राह्यलं?”

“तुमची लेव्हल वाढली, नाना.”

“माणूस मेला ना आत्ता?”

“हो.”

“मंग वाजंत्री कामून?”

नानांनी तलवार घेतलीच नाही. पात्र वळवून ते रानबा पडला होता तिथं गेले. तिथं काहीच नव्हतं. फोनवर लोड येऊ नये म्हणून मेलेली पात्रं आम्ही दोन सेकंदात पुसून टाकतो. सगळेच तसं करतात. मी हे समजावून सांगितलं. नाना ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष फोनमध्ये होतं. मग ते पात्राला चालवत पार रानबाच्या गावी घेऊन गेले. ही वाट कोणी उलटी चालेल असा विचार आम्ही केलाच नव्हता. गावातली म्हातारी म्हणाली, ‘आज हवा छान आहे.’ लोहार म्हणाला, ‘तलवारीला धार लावून देऊ का?’

“ह्यांना म्हाईतच न्हाई,” नाना म्हणाले. “सांगायचं बटण कोणतं?”

“नाहीये, नाना.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “मंग मला न्हाई जमायचं. माती झाल्याबिगर पुढं कसं निघावं माणसानं?”

आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. मातीला जायला आमंत्रण लागत नाही. भांडण असलेला माणूससुद्धा जातो, बोलत नसला तरी लांब उभा राहतो. आणि लेक सासरी किंवा परगावी असेल तर तिच्यासाठी थांबतात. ती पोचल्याशिवाय बापाला उचलत नाहीत.

“तुह्या बापाच्या टायमाला दिवस बुडस्तोर थांबल्तो आपण,” नाना म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. आठवलं ते त्यांनी सांगितलं, एवढंच.

त्या दिवशी मी पुण्यात एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये होते. फोन सायलेंट करून बॅगेत टाकला होता. सकाळपासून सतरा मिस्ड कॉल होते, आणि मी ते दुपारी पाहिले. मी रात्री पोचले तेव्हा राख गरम होती. मला कोणी एका शब्दानंही दोष दिला नाही. नानांच्या घरून आमच्यासाठी भाकरी आली होती, ती काकूनं मला भरवली. चौथ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला आणि रानबा लिहायला घेतला.

आता त्या ओसरीत बसून मला माझंच काम दिसलं. माझ्या बापाला मी आडरानात एकटं मारलं होतं, दोन सेकंदात पुसलं होतं आणि वर ढोल वाजवले होते. मला लाज वाटली. लोक रडू येतं म्हणून गेम सोडत नव्हते. त्यांनी चार क्वेस्ट त्या म्हाताऱ्याबरोबर काढल्या होत्या. तो गेल्यावर त्यांना काहीतरी करायचं होतं, आणि मी त्यांच्या हातात तलवार देत होते.

सोमवारी फैजानला सगळं सांगितलं. पेटी काढली, ढोल काढले. रानबा आता पडला तिथंच राहतो. खेळणाऱ्यानं गावात जाऊन निरोप द्यायचा. मग गावकरी रानबाला गावाच्या कडेला कडुलिंबाखाली आणतात. तुम्ही वाटेत ज्यांची कामं केली असतील तेही येतात, प्रत्येकाच्या हातात एक लाकूड. ज्या बाईची मडकी फोडली असतील तीही येते, पण लांब उभी राहते आणि तुमच्याशी बोलत नाही. माती होईपर्यंत मेंढरांची लोकर विझलेली. मेंढरांना नदीवर पाणीही प्यायला लावलं, नानांसाठी.

अशा गेमची मजा कशात असते, असं मला लोक विचारतात. चित्रं, लढाया, जादू हे सगळं लागतंच. पण माणूस रमतो तो त्या जगानं त्याला ओळखलं म्हणून. मी असं वागलो म्हणून तिथं तसं झालं, हे दिसलं पाहिजे. चांगल्याचंही आणि मडक्यांचंही.

“टायमर किती ठेवू?” फैजाननं विचारलं. “खेळणारा लिंबाखाली आलाच न्हाई, दुसरीकडंच भटकत बसला, तर? बारा मिनिटांनी माती आपोआप उरकून टाकू. तेवढी मेमरी मोकळी होते.”

“टायमर नको.”

“मंग कुठवर थांबतील हे लोक?”

“तो येईपर्यंत.”

फैजाननं माझ्याकडं पाहिलं. त्याला बाबांचं माहीत होतं. “बराबर,” म्हणाला आणि कामाला लागला.

मुदतीच्या दिवशी निखिलसरांनी कॉलवरच गेम खेळून पाहिला. ते पट्टीचे खेळाडू, झरझर खिंडीपर्यंत आले. रानबा पडला. काहीच वाजलं नाही. त्यांनी निरोप दिला, लिंबाखाली गेले.

“ती कडेला उभी असलेली बाई माझ्याशी बोलत का नाहीये?”

“तुम्ही तिची मडकी फोडलीत, सर.”

“आता भरून देता येतील?”

“नाही.”

मग निखिलसर म्हणाले, “टेस्टिंगला पाठवा.”

आठवडाभरात ग्राफ सावरला. खिंडीतली गळती पूर्ण थांबली नाही, पण इतर क्वेस्टना होते तेवढीच राहिली. काहींनी तर गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि या खेपेला एकही मडकं फोडलं नाही. निखिलसरांचा एका ओळीचा मेल आला: म्हातारा मरू दे. त्याच्याखाली त्यांनी विचारलं होतं, टायमर का नाही, मेमरी वाया जाते आहे. मी उत्तर लांबवलं.

पुढं एका टेस्टरची नोंद आली. खिंड झाल्यावर त्यानं परीक्षेसाठी गेम बंद ठेवला होता. अकरा दिवसांनी उघडला. त्यानं लिहिलं होतं: ‘मला वाटलं, उरकलं असेल. जाऊन बघतो तर सगळे लिंबाखाली बसलेले. माझ्यासाठी थांबले होते.’

ते वाचून मी ऑफिसातच रडले. फैजान चहा आणतो म्हणून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं आला. मग मी डोळे पुसले आणि निखिलसरांना राहिलेलं उत्तर पाठवलं: टायमर नसला की मेमरी थोडी जास्त लागते. तेवढी द्यावी.