चौथा राउंड कोणाचा?

"हे मी लोकांना सांगणार नाही," मी पिंटोशेठना म्हटलं.

मी रिंगणाच्या मधोमध उभा होतो. हातात पत्र्याचा भोंगा. समोर खोपोलीचं मैदान गच्च भरलेलं. साजगावची माणसं होती, पोशीर-नेरळकडून आलेली होती, डोंगरातल्या वाड्यांवरचे ठाकूर मांडवाच्या खांबांना धरून वर चढले होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. रेफरी कार्व्हर साहेबांनी नुकताच माझ्या कानात निकाल सांगितला होता : विल्सन जिंकला, पॉइंटवर. तो मराठीत ओरडून सांगायचा, एवढंच माझं काम.

"सांगणार नाही म्हणजे? तुला ठेवलाय कशाला मी?" पिंटोशेठ दोरांतून वाकून आत आले.

"निकाल सांगायला. हा निकाल नाही."

"मग काय आहे?"

"चोरी आहे."

बॉक्सिंग न पाहिलेल्या वाचकाला हे प्रकरण कळावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो. पिंटोशेठ बॉक्सिंगचे सामने भरवतात. कर्जतला रेल्वेच्या लोकांसाठी, खोपोलीला बिजलीघराच्या कामगारांसाठी. मुंबईहून ते धंदेवाईक बॉक्सर आणतात, म्हणजे ज्यांचं पोट ठोशांवर चालतं असे. त्यांच्यासमोर इथला कोणीतरी उभा करतात. मी त्यांचा अनाउन्सर. जाहिरातीही मीच लिहायचो. त्याआधी कर्जतच्या एका छापखान्यात कामगारांची पत्रकं लिहीत होतो, त्यामुळे ठळक अक्षरांत ओरडायची सवय होतीच.

गेल्या मार्गशीर्षातला हा सामना. मुंबईचा विल्सन विरुद्ध आमच्या खोपोलीचा गणपत. गणपत बिजलीघरात कामाला. डोंगरावरून पाणी आणणारे जे मोठे नळ आहेत, त्यांच्यावर दोराला लटकून दुरुस्ती करणाऱ्या टोळीतला. लहानपणापासून कुस्ती खेळलेला. बॉक्सिंग त्याला शिकवलं हवालदार वस्तादांनी. ते मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याला होते आणि गोऱ्या शिपायांकडून ही विद्या घेऊन आले, असं ते स्वतःच सांगतात.

या सामन्यात जो जिंकेल त्याला मुंबईच्या मोठ्या रिंगणात उतरवणार, असं पिंटोशेठनी माझ्याकडून जाहिरातीत छापून घेतलं होतं. विल्सनला त्याचं फारसं काही नव्हतं. गणपतला त्याचंच सगळं होतं. महिनाभर नळांवरचं काम संपलं की तो नदीच्या वाळूत धावत होता. टोळीतले लोक त्याला आधीच "मुंबईकर" म्हणून चिडवायला लागले होते.

सामना सहा राउंडांचा. प्रत्येक राउंड तीन मिनिटांचा, मध्ये एक मिनिट विश्रांती. कोणी पडला तर रेफरी दहापर्यंत मोजतो. दहाच्या आत उठला तर लढाई पुढे चालू. नाही उठला तर संपली. दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले तर पॉइंट मोजायचे. ज्याचे ठोसे स्वच्छ आणि जोराचे लागले, त्याचा राउंड. आमच्याकडे हे सगळं रेफरी एकटाच ठरवतो आणि मनातल्या मनात ठरवतो. कोणाला किती दिले हे सामना संपेपर्यंत कोणाला कळत नाही. कार्व्हर साहेब कर्जतच्या रेल्वे वर्कशॉपात फोरमन. तिथे त्यांच्या तोंडून निघेल तो कायदा. रिंगणातही तोच बाणा.

आता राउंड सांगतो. पहिला विल्सनचा. डाव्या हातानं तो टक् टक् मारत राहिला आणि गणपत नुसता जागा शोधत राहिला. हे मी मान्य करतो. आपला माणूस म्हणून मी डोळे झाकत नाही. दुसरा बरोबरीचा. तिसरा गणपतचा, त्याबद्दल कार्व्हर साहेबांचंही दुमत नव्हतं. पाचवाही गणपतचा. सहावा विल्सनचा. राहिला चौथा. त्यावर सामना ठरायचा होता.

चौथ्यात गणपतनं डावीकडे वाकून उजव्या हाताचा असा एक ठोसा हाणला, की विल्सन सरळ पाठीवर पडला. मैदान उसळलं.

"पाठ लागली! पाठ लागली रं!"

आता आपल्याकडे पाठ लागली की काय होतं? कुस्ती सुटते. जिंकलेला माणूस मातीला हात लावून कपाळाला लावतो, वस्तादाकडे जातो, वस्ताद पाठ थोपटतो. गणपतनं तेच केलं. खाली वाकला, कॅनव्हासला हात लावला, कपाळाला नेला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन हात पुढे केले. आणि हवालदारांनी काय करावं? दोरांतून हात घालून त्याच्या उजव्या ग्लोव्हची नाडी सोडायला सुरुवात केली!

मागे कार्व्हर साहेब इंग्रजीत मोजत होते. त्या कल्लोळात ते कोणाला ऐकू जाणार? राउंड चालू असताना अनाउन्सरनं तोंड उघडायचं नाही, असा नियम. मी उघडलं. भोंग्यातून ओरडलो, "सुटलं नाही अजून! गणपत, मागं बघ!" माझाच आवाज मला आला नाही.

विल्सन आठाला उठला. गणपत पाठमोरा. उजव्या हातात नाडी सुटलेला, लोंबणारा ग्लोव्ह. रेफरीनं "बॉक्स!" म्हटलं आणि विल्सननं राउंड संपेपर्यंत त्याला धुऊन काढलं. गणपत एका हातानं ग्लोव्ह सावरत होता आणि दुसऱ्यानं तोंड.

हा चौथा राउंड कार्व्हर साहेबांनी विल्सनला दिला. आणि मी रिंगणात उभा राहून विचारलं, का?

"एक स्वच्छ ठोसा, एक पॉइंट," साहेब म्हणाले. "पाडणारा ठोसा एकच. त्यानंतर विल्सननं किती मारले ते तू बघितलंस."

"त्या एका ठोशानं माणूस आठ मोजेपर्यंत आडवा होता, साहेब. तुमच्या बाकीच्या ठोशांनी गणपतनं डोळा तरी मिटला का?"

"नाही मिटला हा त्याचा गुण. तो विल्सनचा दोष नव्हे."

"आणि ग्लोव्ह? नाडी सुटलेली तुम्हाला दिसत होती. घड्याळ थांबवून ती बांधून घ्यायची, मग लढाई चालू करायची. हे रेफरीचं काम."

"नाडी मी सोडली का? त्याच्या माणसानं सोडली." साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. कर्जतची गाडी सुटायला आली होती. "शिवाय विल्सन ठोशानं पडलाच नाही. पाय घसरला. कॅनव्हासवर पाणी सांडलं होतं."

ही घसरण त्यांनी तेव्हाच, तिथल्या तिथे तयार केली.

"घसरला, तर मोजत कशाला होता? घसरलेल्या माणसाला मोजतात का?"

साहेब लाल झाले. मी तिथून सरळ विल्सनच्या कोपऱ्यात गेलो. तो स्टुलावर बसून जबड्यावर ओला टॉवेल दाबत होता.

"विल्सन, चौथे राउंड में तू घसरा था क्या?"

"घसरा?" त्यानं टॉवेल बाजूला केला. "अरे बाबा, मेरे को वो पहाड एक का दो दिख रहा था. अब्बी भी दो है."

पुढच्या रांगेतले लोक खो खो हसले. कार्व्हर साहेब नाही हसले. "लढणाऱ्याचं मत विचारायची पद्धत नाही," ते म्हणाले. मग कोणाचं विचारायची पद्धत आहे? ज्याच्या जबड्यावर ठोसा बसला त्याला कळलं नाही, आणि दहा फुटांवर उभ्या असलेल्या साहेबांना कळलं?

लोक आता पुढे सरकायला लागले होते. "काय रं, बोल की! भोंग्यात मुंग्या शिरल्या का?" असं कोणीतरी ओरडलं. पिंटोशेठना घाम फुटला. त्यांनी साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी खांदे उडवले आणि कोट चढवून स्टेशनाकडे निघाले. शेठनी भोंगा माझ्या हातातून हिसकून घेतला.

"मंडळी! सामना बरोबरीत सुटला!"

झालं! टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. कुस्तीच्या मैदानावर जोड बरोबरीत सोडवतात तेव्हा दोघांचाही मान राहतो. लोकांनी तसंच घेतलं. गणपतला उचललं, टोळीतल्या एकानं स्वतःचा फेटा त्याच्या डोक्याला गुंडाळला.

मी तेवढ्यात हवालदारांना गाठलं. कारण माझा राग एकट्या साहेबांवर नव्हता.

"वस्ताद, नाडी का सोडली?"

"पाठ लागली ती."

"पाठीचा इथे काय संबंध? आणि सहाव्यात त्याला थांबवून कशाला ठेवलंत? कोपऱ्यात बसवून काय सांगितलं त्याला?"

"चौथ्यालाच जिकलायस, आता अंग राख म्हनलं. हात मोडून घिऊ नको, मुंबईत लागंल."

म्हणजे बघा! पॉइंट कोणाचे किती हे ठाऊक नाही, तरी आपला माणूस पुढे आहे असं समजून शेवटचा राउंड फिरून काढायचा. पाचव्यात गणपतनं विल्सनला दोरांवर दाबून ठेवलं होतं. सहाव्यात तसाच लढता, तर दहा कार्व्हर आले असते तरी त्याचा सामना कोणाला लाटता आला नसता. ही डावपेचांची दिवाळखोरी आहे. ती आपली आहे, साहेबाची नाही, आणि ती लपवून साहेबाला शिव्या देणं मला मंजूर नाही.

"बसऱ्याला आमी असंच लढायचो," हवालदार घुश्शात म्हणाले.

"बसऱ्याला पॉइंट कोण द्यायचं?"

"गोरा कप्तान."

"आणि जिंकायचं कोण?"

हवालदारांनी स्टूल उचललं, बादली उचलली आणि पाणी तिथेच ओतून दिलं.

एवढ्यात गणपत गर्दीतून सुटून आला. एक गाल सुजून टम्म, पण तोंडभर हसू.

"अरं, तू कशाला तोंड पाडून बसलायस? बरोबरी झाली ना? मुंबईवाल्याशी बरोबरी हाय ही."

"तू जिंकलास गणपत."

"मंग तर हास की." तो पिंटोशेठकडे वळला. "शेठ, मुंबईला कवा जायाचं?"

शेठनी टोपी काढली, पुन्हा घातली. "गणपत, जाहिरातीत काय छापलंय? जो जिंकेल तो. बरोबरी म्हणजे कोणी जिंकलं नाही."

"मंग इल्सनबी नाय जानार?"

"विल्सन तर मुंबईतच राहतो. त्याला पाठवायचं कुठे?"

 गणपतनं फेटा सोडला, नीट गुंडाळला आणि ज्याचा होता त्याला परत देऊन आला. मी म्हणतो, कार्व्हर साहेबांच्या निकालात निदान उघडपणा होता. बरोबरीत तोही नव्हता. खिसा कापायचा आणि वर पाठ थोपटायची, असा तो प्रकार. लोक खूश, शेठ खूश, आणि ज्याचं गेलं त्याला कळायलाही उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे दोन मागण्या घेऊन गेलो. पहिली, घंटा वाजायच्या आधी सगळे नियम मराठीतून भोंग्यावर सांगायचे. दुसरी, प्रत्येक राउंड संपला की तो कोणाचा ते तिथेच जाहीर करायचं.

"दर राउंडला पॉइंट सांगितले तर दर राउंडला मारामारी होईल," शेठ म्हणाले.

"ती तर होतेच की."

"रिंगणाबाहेर म्हणतोय मी. आणि नियम काय सांगायचे? लोक ठोसे बघायला येतात, कीर्तन ऐकायला नाही. तुला पटत नसेल तर भोंगा इथे ठेव."

मी भोंगा तिथे ठेवला. थेट जुन्या छापखान्यात गेलो आणि एक पत्रक जुळवलं. वर मोठ्या टाइपात : पाठ लागली म्हणजे सामना सुटला नाही! खाली साध्या भाषेत नियम. दहा मोजेपर्यंत लढाई संपत नाही. समोरचा पडला तर लांबच्या कोपऱ्यात जाऊन तोंड त्याच्याकडे करून उभं राहायचं. रेफरी सांगेपर्यंत नाडीला हात लावायचा नाही. पुढे आहोत असं समजून कोणी हात आखडू नये. आणि शेवटी, घसरलेल्याला मोजत नाहीत. मोजलं तर तो पडला. ते पत्रक मी खोपोलीच्या बाजारात, बिजलीघराच्या फाटकावर आणि कर्जत स्टेशनावर वाटलं. हवालदारांनाही दिलं. त्यांनी घेतलं नाही. पण त्यांच्या आखाड्याच्या भिंतीला ते कोणीतरी खळीनं चिकटवलेलं मी पाहिलं.

शिमग्याच्या आधी पिंटोशेठनी कर्जतला सामना लावला. गणपतसमोर रेल्वेचा एक फायरमन. रेफरी पुन्हा कार्व्हर साहेबच. मी या वेळी लोकांत बसलो होतो. तिसऱ्या राउंडात फायरमन कोसळला आणि गणपत सवयीनं वाकायला लागला. तोच सगळं मैदान एका आवाजात ओरडलं :

"नाय सुटला रं! कोपऱ्यात जा!"

गणपत लांबच्या कोपऱ्यात गेला. हात वर, नजर समोर. हवालदार दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते. साहेबांनी मोजायला सुरुवात केली आणि लोकांनी त्यांच्याबरोबर मराठीत मोजलं. एक, दोन, तीन. साहेबांना ना भराभर मोजता येईना, ना रेंगाळता येईना. दहा झाले. फायरमन उठला नाही.

सामन्यानंतर मी पिंटोशेठना गाठलं. "आता जिंकला ना? मुंबईचं बोला."

"या जाहिरातीत तसं काही छापलं नव्हतं," शेठ म्हणाले. "पुढच्या साली बघू."

आज गणपत नळांवरच लटकतो आहे. कार्व्हर साहेब म्हणतात, नियम सगळ्यांना सारखे. असतील. पण मी जे पाहिलं त्यावरून सांगतो : मुंबईच्या माणसाला पॉइंटवर जिंकता येतं. आमच्या माणसाला जिंकायचं असेल तर समोरचा दहापर्यंत उठता कामा नये, आणि उठला नाही तरी आधी जाहिरात नीट वाचून घ्यावी.