मधुबाज आणि माझ्या भावाची बायको

माझी वहिनी नुन्त्सिया चाळीस वर्षं बाजारात तलवारमासा विकत होती. बोलणं तिखट, हिशेब चोख. नवरा, म्हणजे माझा भाऊ कोसिमो, गेल्यावर तिला पक्ष्यांचं वेड लागलं. रोज सकाळी आमच्या पेल्लारो गावच्या किनाऱ्यावर फिरायची आणि गुडघे दुखतात म्हणून आधाराला मला ओढून न्यायची. चिखल्या कुठे अंडी घालतात, तुतवार कधी परततात, सगळं तिला तोंडपाठ. मला त्यात काडीचाही रस नव्हता.

आमच्याकडे जुनी समजूत आहे. वसंतात समुद्र ओलांडून येणारा मधुबाज, हा शिकारी पक्षी, ज्या नवऱ्यानं बंदुकीनं पाडला नाही, त्याची बायको बाहेरख्याली निघते आणि त्याच्या डोक्यावर शिंगं उगवतात. आता कायद्यानं बंदी आहे, पण पुरुषांच्या डोक्यातलं कायद्यानं जातं थोडंच! कोसिमोनं पाडलेले मधुबाज वहिनीनंच दरवर्षी सोलून शिजवले होते.

त्या एप्रिलात एका सकाळी चिखल्या एकाएकी वाळूला चिकटून बसल्या.

"वर बघ," नुन्त्सिया म्हणाली.

एक मधुबाज वाऱ्याशी झुंजत, दमून, पाण्यावरून अगदी खाली येत होता. आणि होड्यांच्या आडोशाला तिचाच मुलगा साव्हेरिओ बंदूक घेऊन उभा. त्याच्या लग्नाला जेमतेम महिना झालेला. मागे चार मित्र.

"मार रे! नाहीतर टोपी मोठी शिवून घ्यावी लागेल!" त्यांतला पेप्पे ओरडला. सगळे खिदळले.

"साव्हेरिओ, खाली घे ती."

"आई, तू घरी जा."

त्यानं नेम धरला.

"तुझ्या बापानं एक वर्ष चुकवलं नाही," नुन्त्सिया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तरी मी त्याला शिंगं लावलीच. विचार तुझ्या आत्याला."

हसणं थांबलं. साव्हेरिओचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत्या, खोटं बोलतेय ना ही?"

खोटंच होतं. तिनं कोसिमोशिवाय कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत! मला तिचा भयंकर संताप आला. एका पाखरापायी माझ्या मेलेल्या भावाची अब्रू चव्हाट्यावर! पण बंदूक अजून खांद्यालाच होती, आणि तिनं माझा दंड सोडला नव्हता.

"खरं आहे," मी म्हणाले.

बंदूक खाली आली. मधुबाज आमच्या डोक्यांवरून डोंगराकडे निघून गेला. साव्हेरिओ त्यानंतर आईकडे जेवायला आलेला नाही.

रविवारी कोसिमोच्या थडग्यावर फुलं ठेवताना नुन्त्सियानं हळूच विचारलं, "रागावला असेल का गं?"

"असेल," मी म्हणाले. "तुझ्यावर नाही. माझ्यावर."