दत्ताचं अपील

वहिनींचा फोन आला तेव्हा मी महाडात चवदार तळ्याजवळ भाजी घेत होतो. "भावजी, हे उठत नायत..." एवढंच त्या बोलल्या. दुपारी जेवून दत्ता ओटीवर लवंडला, तो उठलाच नाही. पोलादपूरच्या वर त्याच्या वाडीची चढण चढताना मला भीती वाटत होती. पण त्याहून मोठी भीती मी पाहिली होती, त्याचीच, पुण्यात.

दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त. फौजेत असताना त्याच्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि तो एका सोबत्यासह गाडला गेला. दत्ता जिवंत निघाला, सोबती नाही. त्यानंतर त्याला बंद खोलीत बसवेना. गर्दीच्या एसटीत तो घामानं भिजायचा, लग्नाच्या मांडवातून उठून पळायचा. आजारी म्हणून फौजेनं घरी पाठवलं, पण अपंगत्वाच्या दाव्यावर शेरा पडला : आजाराचा नोकरीशी संबंध नाही, मूळचा स्वभावच तसा.

"पेन्शन नाय वाढली तरी चालेल रे," तो मला म्हणाला, "पण मी जन्माचा भेकड, असं सरकारी कागदावर राहायला नको."

म्हणून अपील केलं. आणि अपील केल्यापासून तो जास्तच घाबरला. सगळं सांगावं लागणार होतं. वाडीत वेडा म्हणतील, मुलीचं लग्न अडेल... आणि इतकं सांगूनही पुन्हा नाहीच म्हणाले तर? पुण्याला जाताना वरंधा घाटात त्यानं गाडी थांबवायला लावली. कडेला ओकला. "परत जाऊ," म्हणाला. मी गाडीचं दार उघडं ठेवलं. बऱ्याच वेळानं तो आपणहून गाडीत येऊन बसला.

फेरतपासणीला तीन डॉक्टर होते. सोबतीला म्हणून मला आत बसू दिलं. शिपायानं बाहेरून दार ओढून घेतलं आणि दत्ताचं तोंड पांढरंफटक पडलं. पहिला प्रश्न आला. तो दाराकडेच बघत होता. त्याचे दात वाजत होते. हा आता इथंच कोसळणार, असं मला वाटलं.

"मॅडम... दार..." तो कसाबसा म्हणाला.

त्यातल्या डॉक्टरबाई स्वतः उठल्या आणि दार सताड उघडून आल्या. मग दत्ता बोलला. बर्फाखाली अंधारात सोबत्याचा हात त्याच्या हातात होता. "हात ताठला ते मला कळलं. तरी मी त्याच्याशी बोलत राहिलो. गप झालो तर मीपण मरेन, असं वाटत होतं." त्यानं हे वहिनींनाही कधी सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी निकाल आला. आजार नोकरीमुळेच झाला, असं मान्य झालं. दत्तानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि अंगणात बसून लहान मुलासारखा रडला. भीती काही गेली नाही. ती लपवणं मात्र त्यानं सोडलं. चारचौघांत सरळ म्हणायचा, "मला भीती वाटते, मी बाहेर बसतो." ऐकणारे आधी हसले, मग त्यांना सवय झाली.

दत्ता गेल्यानंतर परवा पुन्हा वाडीवर गेलो. पाऊस थांबत नव्हता. वहिनी परसात उभ्या राहून डोंगराकडे बघत होत्या. वरून येणारा ओहोळ लालभडक, गढूळ झाला होता, डोंगराची माती सुटल्यासारखा.

"भावजी, मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. शेजारच्या म्हाताऱ्यांनी समजूत घातली, "काय होत नाय गो, दरसालचं हाय."

"नसेल होत. पण मी घाबरलेय. तुम्हीपण चला."

त्यांनी डोक्यावर घोंगडी घेतली आणि घराघरांपुढे उभं राहून हाका मारल्या. एकेक करत सगळी वाडी खालच्या शाळेत उतरली. डोंगर खाली आला नाही. सकाळी माणसं आपापल्या घरी परतली... वहिनींना कुणी हसलं नाही.